एका तोंडाची हाळी

माझ्या मालकांचं नाव रामहरी. नाव एकदाच घेते, कारण नवऱ्याचं नाव असं तोंड भरून घेतलं की आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, डोळे वटारतात. मालक वाळूजच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर आहेत. पत्रा ठेवायचा, दाबायचा, काढायचा. सगळी शिफ्ट त्या धडधडीत उभ्या असलेल्या माणसाला घरी तरी शांतता हवी असेल, असं कुणालाही वाटेल. मलाही लग्नाआधी वाटलं होतं. पण हा माणूस घरी आला की हातपाय धुवायच्या आधी स्पीकर लावायचा, आणि तोही विकतचा नाय, स्वतः बनवलेला.

वाळूजला लागूनच्या रांजणगावात आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. त्यातल्या एका खोलीत आम्ही आणि दुसरीत प्लायवूड, करवत, फेव्हिकॉल, तारांची भेंडोळी. कंपनीतल्या मोडक्या खोक्यांच्या फळ्या विचारून आणायच्या, शहागंजातल्या जुन्या सामानवाल्याकडनं स्पीकर हुडकून आणायचे आणि खोकी बनवायची. पिठाच्या डब्यावर कायम भुसा. मी म्हणायचे, "अहो, तुम्हाला एवढा आवाजाचा शौक हाय, तर माझा आवाज कधी कानात का शिरत नाय?" ते हसायचे आणि परत करवत चालू. वेड तर होतंच, पण त्या वेडानं कुणाचं वाईट केलं नव्हतं, म्हणून मीही तोंडानंच भांडायचे.

आमचं गाव लासूर स्टेशनपासून आत. आम्ही धनगर. सासरे भिकन, त्यांना मी मामा म्हणते. त्यांचा सगळा जन्म मेंढरांमागं गेला. मोठा मुलगा आयटीआय करून कंपनीत लागला आणि धाकटा भारत, माझा दीर, मामांसोबत कळप राखत राहिला. लग्नानंतर पहिल्यांदा मी मामांची हाळी ऐकली तेव्हा चुलीपुढं बसले होते. हाळी म्हणजे कळपाला मारायची हाक. आधी दातातनं बारीक शीळ, आणि ती विरायच्या आत छातीतनं "हेऽऽऽ होर्रऽऽ". शीळ आणि छाती जिथं एकमेकांत मिसळायची तिथं एक खरखर होती. जवारीची कणसं चुरगाळल्यासारखी. ती खरखर फक्त मामांची. भारतभावजींनी किती घसा फाडला तरी त्यांना ती कधी जमली नाय. माळावर पसरलेली मेंढरं त्या हाळीनं अशी मुंड्या वर करून पळत सुटायची की धूळ नुसती आभाळाला. मी नवी नवरी, पण मलाही उठून जावंसं वाटलं, आता काय सांगू!

मामांचा एक नेम होता. रिकामी हाळी द्यायची नाय. हाळी दिली की मेंढराला काहीतरी मिळालंच पाहिजे. पाणी, मीठ, पाला, नायतर पुढच्या रानाची वाट. "मुकं जनावर इश्वासानं पळत येतं," म्हणायचे, "त्याला फसवलं की आपलं तोंड बाटलं." आमच्या घराण्यात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं.

मग मामांचा आवाज बसला. तंबाखूची सवय, दुसरं काय. आम्ही त्यांना शहरात आणलं, सरकारी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं: घशातला आवाजाचा भाग काढला तर माणूस वाचेल, ठेवला तर नाय. मामांनीच मान हलवली. ऑपरेशन झालं, मामा वाचले. गळ्याला पुढून एक भोक, त्यावर पांढरं फडकं, श्वास तिथनंच. बोलणं बंद. शीळ घालायची तर तोंडात वाराच येत नाय. माणूस समोर बसलाय, हसतोय, रागावतोय, पण आवाज नाय. आत्याबाई आणि मामा तेव्हापासून आमच्याकडंच राहिले, कारण दवाखान्याच्या चकरा होत्या.

दिवाळीला आम्ही सगळे गावाला गेलो. मामा घरात टेकलेसुद्धा नाहीत, थेट माळावर. मी त्यांच्यामागं पाण्याचा तांब्या घेऊन गेले होते, म्हणून मी डोळ्यांनी बघितलं. कळप पलीकडच्या बांधाला चरत होता. मामा उभे राहिले, हात वर केला, तोंड उघडलं. गळ्यातल्या फडक्यातनं नुसती फुस्स हवा. एकाही मेंढरानं मान वर केली नाय. वारा उलटा होता, वासही पोचला नसेल. तेवढ्यात भारतभावजींनी तिकडून आपली हाळी दिली आणि सगळा कळप मामांकडं पाठ करून तिकडं गेला. मामा तसेच हात वर करून उभे. मला इतकं रडू आलं की तांब्यातलं पाणी हिंदकळून पायावर सांडलं.

त्यानंतर मामा गावाला जायचं नावच काढीनात. गॅलरीत बसायचे. आमच्या गॅलरीसमोर कंपनीची भिंत, भिंतीपलीकडं नव्या प्लॉटिंगचे रोवलेले दगड. त्या जागेवर कधीकाळी त्यांनी मेंढरं बसवली होती म्हणे. आता तिथं बिल्डिंगी उठत होत्या. जेवण पुढं ठेवलं तर दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. आत्याबाई त्यांना रागवायच्या, मग न्हाणीत जाऊन डोळे पुसायच्या. मला कळायचं, पण काय करणार?

ज्या साली लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्या सालची ही गोष्ट. गावात आड कोरडे, बोअर कोरडे. टँकर यायचा तो माणसांपुरता. शहरातही नळाला कितीतरी दिवसांनी पाणी, पण शहर काही थांबत नव्हतं. टँकरनं पाणी आणून स्लॅब भरत होते लोक. आणि तिकडं भारतभावजींचा फोन आला. "दादा, मेंढरं आता राहत नाय. कोकरं मरायला लागली. बाजारात न्यायची का सांग."

बाजाराचं नाव ऐकून मामांनी गॅलरीतनं जोरात हात झटकला. बाजार म्हणजे खाटीक. मग भारतभावजींनीच मार्ग काढला. नदीपलीकडचा सांडूभाऊ म्हणून आमच्यातलाच एक जण होता. धरणाचं पाणी मागं हटलं की गाळाची जमीन उघडी पडते, तिथं त्याचा कळप चरायचा. तो आमची मेंढरं सांभाळायला तयार झाला, पण कायमची. एवढ्या मेंढरांचा सांभाळ करून परत द्यायची गोष्ट कुणी करत नाय. पाडवा झाला की तो येऊन घेऊन जाणार.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग मालकांना जवळ बोलावलं. आपल्या गळ्याला हात लावला, मग दूर गावाकडं बोट दाखवलं, मग एक बोट वर केलं. परत तेच. मालक गोंधळले. आत्याबाई म्हणाल्या, "आरं, एकदा हाळी द्यायची म्हनतेत. मेंढरं जायच्या आधी एक डाव."

एक डाव. बस, तेवढंच मागणं. आणि ते देणं कुणाच्या हातात होतं? माणसाचा कापलेला आवाज परत कुठनं आणणार? मालक त्या दिवशी जेवले नाहीत. मग एकदम उठले आणि पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली. कपडे, बिलं, जुन्या पट्ट्या सगळं भिरकावलं आणि तळातनं एक कॅसेट काढली. आयटीआयच्या काळात ते लासूर स्टेशनला फकिराच्या दुकानात रेडिओ-टेप दुरुस्त करायला शिकत होते. दुरुस्त केलेला टेप रेकॉर्ड करतो का हे बघायला एकदा घरी आणलेला, आणि समोर जे होतं ते भरून घेतलं. समोर मामा हाळी देत होते.

फकिराकडनंच ती कॅसेट मेमरी कार्डात उतरवून आणली. मोबाईलवर लावली तर मच्छर गुणगुणल्यासारखी. म्हणून मालकांनी नवं खोकं बनवलं. खाली सहा इंची मोठा स्पीकर, वर लहाना, आत कार्ड वाजवून आवाज वाढवणारं, गाडीच्या बॅटरीवर चालणारं मशीन. खोकं माळावर न्यायचं होतं, म्हणून मजबूत, वर कडी. लावलं आणि सगळे ऐकू लागलो. हाळी झाली. मोठा आवाज, साफ आवाज. मालक माझ्याकडं बघून हसले.

आत्याबाई म्हणाल्या, "ह्यो कोन हाय?"

"आये, आबा हायेत की!"

"नाय. हे दोन मान्सं हायेत. एक दातानं वरडतोय, एक छातीनं. तुझा बाप एकटा व्हता."

मालकांचा चेहरा उतरला. पण ऐकलं मीही होतं. शीळ वेगळी, छाती वेगळी, आणि मधली ती खरखर, जिच्यावरनं मामांना ओळखायचं, तीच गायब. कॅसेटमध्ये ती होती, कारण कानाला लावायच्या हेडफोनवर ऐकू येत होती. खोक्यात येऊन कुठंतरी मरत होती.

ती कुठं मरते हे शोधण्यात पाडवा जवळ आला. मालकांनी मला समजावलं, आणि मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल. खोक्यात एक पट्टी असते, ती आवाजाची वाटणी करते. बारीक आवाज लहान्याला, जाड आवाज मोठ्याला. पण वाटणीच्या बांधावर थोडा आवाज असा असतो की तो दोघंही बोलतात. मामांची खरखर नेमकी त्या बांधावर. आता लहाना असतो फळीच्या तोंडाशी, आणि मोठ्याची वाटी खोल, त्याचा आवाज आतनं निघतो. फळीवर दोघं एका ओळीत दिसतात, पण कानाशी लहाना आधी पोचतो, मोठा मागनं. बांधावरचा आवाज दोघं बोलायला जातात आणि एकमेकांचा गळा धरतात. जात्यावर दोघी बसल्या आणि एकीनं आधी ओढलं, एकीनं नंतर, तर जातं फिरतं का? जाग्यावर अडतं. तसंच हे.

"मग लहान्याला मागं सरकवा की," मी म्हटलं.

"सरकवतोय. पण किती?"

हे किती काढायची त्यांची रीत लई अजब. लहान्याच्या तारा उलट्या जोडायच्या. म्हणजे मोठा पुढं ढकलतो त्याच वेळी लहाना मागं ओढतो. मग मोबाईलमधनं एकच सूर लावायचा, बांधावरचा, आणि लहान्याला हळूहळू मागं न्यायचं. जिथं सूर सगळ्यात बारीक होईल, जवळजवळ मरेल, तिथं दोघं खरे बरोबर. कारण बरोबरीचे असले तरच एकमेकाला पुरतं खाऊ शकतात. तेवढी जागा सापडली की तारा सुलट करायच्या, आणि मग दोघं एका तोंडानं बोलतात. मी म्हटलं, "शाबास! आवाज काढायला बसलात आणि आवाज मारायला लागलात." पण गंमत करता करता मीही श्वास धरून बसायचे.

कंपनीत पाणीकपातीमुळं एक दिवस काम बंद होतं. तेवढ्या दिवसात मालकांनी जागा काढली. लहान्याला फळीतनं सोडवून मागं एका लाकडी पायरीवर बसवलं, तारा सुलट केल्या, हाळी लावली. आणि खरखर आली! मालक खोलीच्या मधोमध उभे होते, ते तिथंच नाचायचे राहिले. मामा गॅलरीतनं आत आले. दोघांनी एकमेकाच्या खांद्यावर हात ठेवला.

लगेच रविवारी मालक आणि मामा मोटारसायकलवर खोकं बांधून गावाला गेले. संध्याकाळी परत आले ते तोंड पाडून. मेंढरांनी माना वर केल्या, कान टवकारले, कळपाच्या पुढं चालणारी म्हातारी मेंढी दोन पावलं पुढं आली आणि थांबली. बास. मामांनी येताना वाटेत एकदाही मागं वळून बघितलं नाय, असं मालक म्हणाले. मामांनी त्या दिवशी ताट पुढंच घेतलं नाय. आता सांगते, त्या घटकेला मला त्या खोक्याचा इतका राग आला की फोडून चुलीत घालावंसं वाटलं. म्हाताऱ्याला आशा लावायची आणि परत तोडायची, हा कुठला न्याय?

दुसऱ्या दिवशी आत्याबाई जमिनीवर बसून तांदूळ निवडत होत्या. मालकांनी चिडून परत हाळी लावली, उभ्यानं ऐकली. "बरोबर तर हाय! खरखर हाय! मग मेंढरं का येत नाय?"

आत्याबाई मान वर न करता म्हणाल्या, "कुठंय खरखर? मला तर परत दोन मान्सं."

"आये, हितं उभी राहून ऐक."

"मी कशापायी उभी राहू? मेंढरू काय उभं राहून ऐकतंय का?"

मालकांनी झटकन त्यांच्याकडं बघितलं. मग गुडघ्यावर बसले. कान खोक्याच्या उंचीला नेला. आणि कपाळावर हात मारून घेतला. उभ्या माणसाच्या कानाला लहाना जवळ पडतो, कारण तो वर बसवलाय. तेवढ्या हिशोबानं त्याला जास्तच मागं नेलेलं. कान खाली आला की हिशोब बिघडला. धनगराच्या पोरानं मेंढरांसाठी स्पीकर बनवला आणि जुळवला आपल्या उभ्या कानाला! मला हसू आलं, आणि मालक चिडायच्या ऐवजी तेही हसले. मामा पण. आवाज नसलेलं हसू, पण खांदे हलत होते.

मग आमच्या खोलीत काय सर्कस झाली म्हणता! मालक ओणवे, आत्याबाई मांडी घालून, मी दाराशी पालथी. सगळे मेंढराच्या उंचीनं. तारा परत उलट्या, परत तो सूर, परत लहान्याला कणाकणानं पुढं. उभ्यानं जेवढं मागं नेलं होतं त्यातलं निम्मं पुढं आणावं लागलं. आत्याबाई डोळे मिटून बसलेल्या. "आजून जित्ता हाय... जित्ता हाय... आता गेला." मालकांनी तिथंच स्क्रू कसला. तारा सुलट केल्या. हाळी लावली.

आणि आत्याबाईंनी झटकन डोक्यावर पदर घेतला.

मामा घरात आले की त्या तसा घ्यायच्या, गावाकडं. आवाज ऐकला की हात आपोआप पदराकडं. घेतल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, मग त्या पदरातच तोंड लपवून रडू लागल्या. मालक मशीन बंद करायला गेले, तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आजून एक डाव लाव." त्यानंतर दिवसातनं किती वेळा त्यांनी ते खोकं लावायला लावलं, मी मोजलं नाय. माझा सासरा आमच्या घरात परत बोलायला लागला होता, तेवढं मला कळत होतं, आणि ऐकताना मलाही गावाकडची ती पहिली संध्याकाळ आठवायची.

सांडूभाऊ यायचा दिवस ठरला. आम्ही टेम्पो करून सगळेच गेलो. मामांनी सकाळी स्वतः मिठाचं पोतं टेम्पोत ठेवलं आणि आपल्या वाट्याच्या पाण्याचा ड्रमही चढवला. रिकामी हाळी द्यायची नव्हती. मालकांनी माळावर एका सपाट जागी खोकं ठेवलं, जमिनीलगत. मामा त्याच्या मागं उभे राहिले. भारतभावजी आणि सांडूभाऊ लांब, कळपाच्या पलीकडं. मालकांनी मामांच्या हातात खोक्याच्या तारेवरचं बटण दिलं. मामांनी ते दाबलं आणि त्याच वेळी तोंड उघडलं, अगदी पूर्वीसारखं.

"हेऽऽऽ होर्रऽऽ."

पहिल्यांदा म्हातारी मेंढी फिरली. मग सगळीच. वाळलेल्या माळावर धूळ उठली, आणि त्या धुळीतनं ती सगळी पळत सुटली, हाडं निघालेली, पोटं खपाटीला गेलेली, पण पळत. खोक्याला वळसा घालून थेट मामांच्या गुडघ्यांवर आदळली. मामा पडता पडता राहिले. त्यांनी मीठ उधळलं, पत्र्याच्या डोणीत पाणी ओतलं, आणि एकेकीच्या कपाळावर हात ठेवत गेले. सगळं तोंड ओलं झालं होतं त्यांचं, आणि हसत होते. मालक माझ्या शेजारी उभे राहून लहान पोरासारखे हुंदके देत होते. मी आयुष्यात एवढा आनंद आणि एवढं दुःख एका जागी परत बघितलं नाय.

त्यांचं मागणं पुरं झालं होतं. गोष्ट तिथं संपली असती तर बरं झालं असतं.

सांडूभाऊनं कळप हाकायला घेतला. पुढं घोडीवर त्याचं सामान, मागं मेंढरं, बाजूला भारतभावजी. ओढ्यापर्यंत गेली आणि म्हातारी मेंढी वळली. तिच्यामागं सगळी वळली, धावत मामांकडं. परत नेली, परत आली. सांडूभाऊ घामाघूम. "भिकनदादा, आशी कशी न्यायची? वाटंत एखादं मेंढरू पळालं तर कुत्री फाडतीन."

मामांनी मेंढरांकडं बघितलं. मग खोक्याकडं गेले, कडीला धरून ते उचललं, आणि चालत जाऊन सांडूभाऊच्या घोडीवर ठेवलं.

कुणाला आधी उमगलंच नाय. मग मालक धावले. "आबा, खोकं देऊ. दुसरं बनवता येतं. मपल्या मोबाईलात हाये हाळी, कॅसेट हाये."

मामांनी मान हलवली. मालकांच्या खिशातल्या मोबाईलकडं बोट केलं आणि हातानं पुसून टाकायची खूण केली. मग पिशवीतली कॅसेट मागितली.

भारतभावजी खाली बघून म्हणाले, "दादा, इसरलास का? कळप ज्याचा, हाळी त्याची. दिला की द्यायची. मागं ठेवायची नाय."

आमच्या घराण्यात ही पण रीत. कळप दुसऱ्याला दिला की त्या कळपाची हाळी परत तोंडातनं काढायची नाय, नायतर मेंढरू दोन्हीकडनं जातं. मला माहीत होतं. पण त्या दिवशी माझं डोकंच फिरलं. सासऱ्यांपुढं मी कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. "मामा, वाळूजच्या खोलीत हाळी लावली तर नदीपलीकडं कोनाला ऐकू जानार हाय? कशाला पुसायची? आम्ही काय ऐकायचं? उद्या तुमच्या नातवंडांनी काय ऐकायचं? आत्याबाईंनी काय ऐकायचं? त्यांचा तरी इच्यार करा!"

मामा रागावले नाहीत. मेंढरांकडं बोट दाखवून त्यांनी नाय म्हणून मान हलवली. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि आत्याबाईंकडं बघितलं.

आत्याबाईंना कळलं. त्या पुढं होऊन बोलल्या. "मेंढरासाठी नाय म्हनतेत, शालू. सोत्तासाठी. घरात ठिवली तर ह्यो मानूस रोज लावून बसंन. रोज हाळी दीन, आन् यायला कोन हाय तिथं? रिकामी हाळी व्हईल ती." मग त्या मालकांकडं वळल्या. "दे त्यास्नी. जे त्यांचं हाय ते त्यांच्याबरूबर जाऊ दे."

किती ऐकावंसं वाटत होतं त्या बाईला, ते मला ठाऊक होतं. आणि तीच म्हणाली, दे.

मालकांनी मोबाईल काढला. अंगठा वर धरून उभे राहिले. मामांनी त्यांच्या पाठीवर हात फिरवला, आजारी कोकराला फिरवतात तसा. मालकांनी पुसलं. मग परत एकदा बघितलं, खरंच गेलं का ते, आणि मोबाईल खिशात टाकला. कॅसेट सांडूभाऊनं आपल्या कोपरीच्या खिशात ठेवली. बटण कसं दाबायचं, बॅटरी कुठं भरायची, खोकं मेंढराच्या उंचीला कसं बांधायचं, हे सगळं मालकांनी त्याला नीट शिकवलं. घोडीच्या पोटाजवळ खाली बांधून दिलं. बोलताना त्यांचा आवाज कामावरच्या माणसासारखा होता, पण कान लाल झाले होते.

कळप निघाला. ओढ्यापाशी म्हातारी मेंढी परत थांबली, मान वळवली. सांडूभाऊनं बटण दाबलं. घोडीजवळनं मामांची हाळी आली, दातापासनं छातीपर्यंत सगळी, मधल्या खरखरीसकट. मेंढी पुढं वळली. सगळी वळली आणि हाळीच्या मागं ओढा उतरून पलीकडं चढली.

आम्ही बघत उभे. धूळ लांब लांब जात होती. परत एकदा हाळी झाली, आता बारीक, पण एका तोंडाची. आणि आमच्या शेजारी उभ्या मामांचं पाऊल पुढं पडलं. एक, मग दुसरं. डोळे धुळीवर, मान वर, मेंढरांची असते तशी. त्यांना स्वतःलाही कळलं नसावं. ते आपल्याच हाळीमागं चालायला लागले होते.

आत्याबाई धावल्या आणि त्यांनी मामांचं मनगट धरलं. चारचौघांत, सुनेसमोर, आयुष्यात पहिल्यांदा.

"तुमी नाय जायचं," त्या म्हणाल्या. "ती मेंढरास्नी हाय. तुमी हितं माझ्यापाशी ऱ्हायचं."

मामा थांबले. पलीकडनं परत हाळी आली, आणि आत्याबाईंनी मनगट आणखी घट्ट धरलं.